तीन ठिपके आणि एक कडं: कच्च्या दुर्बिणींनी आकाश कसं उलगडलं

१६०९ च्या हिवाळ्यात इटलीतल्या पाडुआ शहरातल्या गणिताच्या एका प्राध्यापकाने आलेल्या पत्राच्या मागच्या बाजूला बाजाराची यादी लिहिली. मसूर, पांढरे हरभरे, तांदूळ, मनुका, साखर, मिरी, लवंग, दालचिनी, मुलासाठी सपाता. त्याच यादीत तोफेचे दोन गोळे, ऑर्गन वाद्याची कथलाची नळी, घासून गुळगुळीत केलेली जर्मन काच, आरशाचे तुकडे, राळ आणि नमदा हेही होतं.

हा प्राध्यापक म्हणजे गॅलिलिओ. किराण्याच्या जोडीने लिहिलेलं ते सगळं सामान दुर्बिणीचं होतं. तोफेचा गोळा अंतर्गोल भिंग घासायला उपयोगी पडतो, नळीत भिंगं बसवता येतात. दुर्बीण त्याने शोधली नव्हती. हॉलंडमधल्या मिडलबर्गचा चष्मेवाला हान्स लिपरशे याने ऑक्टोबर १६०८ मध्ये तिच्या हक्कासाठी सरकारदरबारी अर्ज केला होता. दुसऱ्या कारागिरांनीही तसाच दावा केल्यामुळे तो हक्क त्याला मिळाला नाही, पण बातमी युरोपभर पसरली. ती कानावर आल्यावर गॅलिलिओने आधी तीन पटींची, मग आठ-नऊ पटींची आणि वर्षअखेरीपर्यंत वीस पटींची दुर्बीण स्वतःच्या हाताने बनवली.

ही दुर्बीण किती कच्ची होती हे आधी नीट समजून घेऊ. ते कळलं नाही, तर पुढच्या शोधांची खरी किंमत कळत नाही.

रचना अगदी साधी. नळीच्या पुढच्या टोकाला बहिर्गोल भिंग, डोळ्याजवळ अंतर्गोल. पुढचं भिंग दुरून आलेले किरण एका बिंदूकडे वळवतं. ते तिथे एकत्र येण्याआधीच मागचं भिंग त्यांना वाटेत गाठतं आणि पुन्हा सरळ करून डोळ्यात सोडतं. या फेरफारात वस्तू मोठी दिसते. किती मोठी, हे दोन्ही भिंगांच्या नाभीय अंतरांवरून (भिंगापासून किरण एकत्र येण्याच्या बिंदूपर्यंतच्या अंतरांवरून) ठरतं. पुढच्या भिंगाचं हे अंतर एक मीटर आणि मागच्याचं पाच सेंटिमीटर असेल, तर वीस पट.

अडचण काचेत होती. त्या काळच्या काचेत बुडबुडे असायचे आणि तिला हिरवट छटा असायची. हाताने घासलेल्या भिंगाची वक्रता मध्यभागी बरी आणि कडेला बिघडलेली असायची, म्हणून गॅलिलिओ भिंगाची कड पुठ्ठ्याच्या चकतीने झाकून फक्त मधला भाग वापरायचा. प्रतिमा थोडी सुधारायची, पण आत येणारा उजेड तेवढाच कमी व्हायचा. शिवाय साधं भिंग लोलकासारखं वागतं. निळा प्रकाश जास्त वळवतं, तांबडा कमी, त्यामुळे प्रत्येक तेजस्वी ठिपक्याभोवती रंगीत झालर दिसते. आणि सगळ्यात त्रासाची गोष्ट म्हणजे दिसणारा आकाशाचा तुकडा अगदी लहान. पूर्ण चंद्र एका वेळी मावायचा नाही, जेमतेम अर्धा दिसायचा. उसाच्या रसाच्या नळीतून आकाश धुंडाळावं, तसं ते काम. आज दुकानात मिळणारी साधी द्विनेत्रीसुद्धा काचेच्या बाबतीत या दुर्बिणीच्या कितीतरी पुढे आहे.

मग यातून एवढं सगळं दिसलं कसं? मला वाटतं, दुर्बीण कच्ची होती म्हणूनच पाहण्याची शिस्त पक्की करावी लागली. एका नजरेत दिसलेल्यावर विश्वास ठेवता येत नव्हता. म्हणून रोज पाहायचं, रोज चित्र काढायचं, चित्रं एकमेकांशी ताडून बघायची आणि मग हिशोब करायचा. या माणसांचे बहुतेक मोठे शोध एकाच स्पष्ट चित्रातून आलेले नाहीत. ते दोन अस्पष्ट चित्रांमधल्या फरकातून आले आहेत.

चंद्रापासून सुरुवात करू. चंद्राकडे दुर्बीण वळवणारा गॅलिलिओ पहिला नव्हता. इंग्लंडमध्ये टॉमस हॅरियट याने त्याच्या काही महिने आधी, २६ जुलै १६०९ रोजी (तिथल्या जुन्या पंचांगाप्रमाणे), सहा पटींच्या दुर्बिणीतून चंद्र पाहून चित्र काढलं. ते चित्र आजही आहे. त्यात उजेड आणि अंधार यांच्यामधली एक वेडीवाकडी रेष आणि काही काळपट डाग, एवढंच दिसतं. हॅरियट उत्तम गणिती होता, त्याच्या नजरेत काही खोट नव्हती. फक्त त्या वाकड्या रेषेचा अर्थ काय, हे त्याला त्या रात्री उमगलं नाही.

गॅलिलिओला चित्रकलेची जाण होती. छायाप्रकाशाने उंचसखलपणा कसा दिसतो, हे त्याला ठाऊक होतं. चंद्राच्या अंधाऱ्या भागात, सीमारेषेपासून बऱ्याच आत, त्याला सुटे उजळ ठिपके दिसले. तास-दोन तासांनी पाहिलं तर ते मोठे झालेले, आणि शेवटी उजळ भागाला जाऊन मिळालेले. सह्याद्रीत ज्याने पहाट अनुभवली आहे त्याला हे लगेच समजेल. खालची गावं अजून अंधारात असतात आणि शिखराच्या टोकावर मात्र ऊन आलेलं असतं. मग ते ऊन हळूहळू उतरत खाली येतं. चंद्रावरचे ते ठिपके म्हणजे डोंगरांचे माथे होते.

तो एवढ्यावर थांबला नाही, त्याने डोंगराची उंची काढली, आणि तीही नववीच्या भूमितीने. उजळ ठिपका सीमारेषेपासून चंद्राच्या व्यासाच्या एक विसांश अंतरावर होता. चंद्राचा व्यास त्याने २००० इटालियन मैल धरला, म्हणजे त्रिज्या १००० मैल आणि हे अंतर १०० मैल. सूर्याचा किरण सीमारेषेजवळ चंद्राला चाटून सरळ शिखरापर्यंत जातो. त्यामुळे १००० आणि १०० या काटकोन करणाऱ्या बाजू झाल्या आणि चंद्राच्या केंद्रापासून शिखरापर्यंतचं अंतर हा कर्ण. पायथागोरसच्या नियमाने कर्ण १००४ मैलांहून जास्त भरतो. त्यातून त्रिज्येचे १००० वजा केले की शिखराची उंची उरते: चार मैलांहून अधिक. प्रत्यक्षात चंद्रावरचे मोठे डोंगर पाचेक किलोमीटर उंच आहेत. गॅलिलिओचं उत्तर जरा जास्त आलं, पण एका ठिपक्याच्या जागेवरून परक्या गोलावरचा डोंगर मोजता येतो, हे जगाला पहिल्यांदा कळलं. चंद्र हा आरशासारखा गुळगुळीत, निर्दोष गोल आहे ही शतकानुशतकांची समजूत तिथेच मोडली.

आता गुरू. ही गोष्ट मी कितीही वेळा सांगू शकतो.

७ जानेवारी १६१० ची संध्याकाळ. गुरूजवळ तीन बारीक तारे दिसले, दोन पूर्वेला आणि एक पश्चिमेला. तिघेही गुरूसकट एका सरळ रेषेत होते, म्हणून गॅलिलिओचं लक्ष गेलं. पण हे मागचे नेहमीचे तारे असतील असंच त्याला वाटलं. ८ तारखेला पाहिलं, तर तिघेही पश्चिमेला! तारे जागचे हलत नाहीत, तेव्हा गुरूच त्यांच्या पूर्वेला सरकला असला पाहिजे. पण त्या दिवसांत गुरू पश्चिमेकडे सरकतो आहे, असं ग्रहांच्या जागांची छापील कोष्टकं सांगत होती. कोष्टकं चुकली की काय? ९ तारखेला आकाश ढगाळ. (आकाशदर्शनाला जाणाऱ्या प्रत्येकाला ही रात्र ठाऊक असते.) १० तारखेला दोनच तारे दिसले, दोन्ही पूर्वेला. तिसरा गुरूच्या मागे दडला असावा. इथे त्याच्या मनातला प्रश्न बदलला. गुरू असा एकदा इकडे, एकदा तिकडे उड्या मारू शकत नाही. म्हणजे हलतायत ते तारेच. ११ तारखेला पुन्हा दोनच, पूर्वेला, पण आदल्या रात्री सारखेच दिसलेले हे दोघे आता लहानमोठे दिसत होते. त्याने लिहून ठेवलं की हे तारे गुरूभोवती फिरतात, जसे शुक्र आणि बुध सूर्याभोवती फिरतात. १३ तारखेला चौथा तारा दिसला.

ते नेहमी एका ओळीत का दिसतात? जेवणाचं ताट डोळ्याच्या पातळीत आडवं धरून बघा. त्याच्या कडेवरून एक मुंगी फिरत असेल, तर ती गोल फिरतेय हे तुम्हाला दिसणार नाही. ती उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे जातेय असंच दिसेल, मध्येच ताटाच्या मागे गेल्यासारखी वाटेल. गुरूच्या चार मोठ्या चंद्रांचे मार्ग आपण जवळपास असेच कडेने पाहतो. हे ताट लक्षात ठेवा, शनीपाशी ते पुन्हा लागेल.

त्याच वर्षी १३ मार्चला व्हेनिसमध्ये गॅलिलिओचं छोटेखानी पुस्तक छापलं गेलं, ५५० प्रती. चंद्रावरचे डोंगर, गुरूचे चार चंद्र, कृत्तिकेच्या नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सहा ताऱ्यांच्या जागी चाळीसहून अधिक तारे, आकाशगंगेतला धुरकट पट्टा म्हणजे असंख्य ताऱ्यांची गर्दी, हे सगळं त्यात होतं. पण लोकांनी विश्वास का ठेवावा? एप्रिल १६१० मध्ये गॅलिलिओ स्वतः बोलोन्याला गेला आणि तिथल्या विद्वानांना आपल्या दुर्बिणीतून आकाश दाखवलं. बऱ्याच जणांना गुरूचे चंद्र दिसलेच नाहीत. या लोकांची टर उडवण्याची पद्धत आहे, मला ती पटत नाही. इवलासा दृश्यभाग, रंगीत झालर, डोळा जरा हलला की चित्र गायब, अशा यंत्रातून पहिल्याच रात्री बारीक ठिपके न दिसणं अगदी स्वाभाविक होतं. काचेतले दोष आकाशातले तारे म्हणून खपवले जातायत, ही शंकाही रास्त होती.

या शंकेचं उत्तर प्रागमध्ये योहानेस केप्लरने शोधलं, आणि माझ्या मते ते गॅलिलिओच्या शोधाइतकंच मोलाचं आहे. ऑगस्टच्या अखेरीस त्याला काही दिवस एक चांगली दुर्बीण उसनी मिळाली. तो आणि त्याचे सोबती एकेक करून गुरू पाहायचे. पाहून झालं की प्रत्येकाने दुसऱ्याला न दाखवता पाटीवर खडूने ठिपके काढायचे, आणि मग सगळ्यांच्या पाट्या एकमेकींशेजारी ठेवायच्या. ठिपके जुळले तर ते आकाशात आहेत. तिथे जे जुळलं ते मान्य झालं.

शुक्राबद्दल थोडक्यात सांगतो. १६१० च्या शेवटच्या महिन्यांत गॅलिलिओला दिसलं की शुक्राला चंद्रासारख्या कला आहेत. आधी लहान आणि जवळजवळ पूर्ण गोल, मग अर्धा, मग मोठी कोर. जुन्या मतानुसार शुक्र कायम पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधल्या भागातच राहतो. तसं असतं तर त्याची उजळलेली बाजू आपल्याला कधीच पुरती दिसली नसती. तो जवळजवळ पूर्ण गोल दिसतो, याचा अर्थ तो सूर्याच्या पलीकडेही जातो, म्हणजेच सूर्याभोवती फिरतो. इथे एक सावधगिरी हवी. यावरून पृथ्वीही सूर्याभोवती फिरते हे सिद्ध होत नाही. बाकीचे ग्रह सूर्याभोवती आणि सूर्य पृथ्वीभोवती, अशी डॅनिश खगोलज्ञ टायको ब्राहेची मधली मांडणीही या निरीक्षणाशी जुळत होती. शाळेच्या पुस्तकांत हा बारकावा बहुधा गळतो.

शनीने मात्र सगळ्यांना जवळपास पन्नास वर्षं झुलवलं.

जुलै १६१० मध्ये गॅलिलिओने पहिल्यांदा शनी पाहिला. मध्ये एक मोठा गोळा आणि दोन बाजूंना चिकटून दोन लहान गोळे. शोध लगेच जाहीर करावा तर चुकण्याची भीती, न करावा तर दुसरा कोणी पुढे जायची भीती. तेव्हा या पेचावर एक तोडगा होता. आपलं वाक्य लॅटिनमध्ये लिहायचं, त्यातली अक्षरं उलटसुलट करून टाकायची आणि ती निरर्थक ओळ सगळ्यांना पाठवून द्यायची. तारीख नोंदली जाते, गुपितही राहतं. गॅलिलिओच्या ओळीत दडलेलं वाक्य होतं: सर्वांत उंचावरचा ग्रह मला तिहेरी दिसला. केप्लरने ती अक्षरं जुळवण्याचा खूप प्रयत्न केला आणि मंगळाला दोन चंद्र आहेत, असं भलतंच वाक्य जुळवलं. मंगळाला खरोखरच दोन चंद्र आहेत आणि ते १८७७ मध्ये सापडले. हा निव्वळ योगायोग, पण तो वाचून मी अजूनही चकित होतो.

१६१२ च्या अखेरीस गॅलिलिओने पुन्हा शनी पाहिला, तर बाजूचे दोन्ही गोळे गायब. शनी एकटाच, गुळगुळीत गोल. हादरलेल्या गॅलिलिओने पत्रात विचारलं, शनीने आपली मुलं गिळली की काय? रोमन पुराणात सॅटर्न देव स्वतःची मुलं खातो, त्याचा तो संदर्भ. १६१६ मध्ये त्याने काढलेल्या चित्रात शनीला कढईच्या कानांसारखे दोन कान आहेत. त्यानंतर युरोपभरच्या निरीक्षकांनी काढलेली चित्रं पाहिली तर प्रत्येकाचा शनी वेगळा. कुणाचा तीन गोळ्यांचा, कुणाचा दोन मुठी असलेला, कुणाचा लांबट.

इथे दोष निव्वळ दुर्बिणीचा नव्हता. १६५५ मध्ये हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सने भावाच्या मदतीने भिंग घासून बारा फूट लांबीची, सुमारे पन्नास पटींची दुर्बीण बनवली. २५ मार्चला त्याला शनीजवळ एक ठिपका दिसला. रोज पाहता पाहता कळलं की तो शनीचा चंद्र आहे आणि सोळा दिवसांत एक फेरी मारतो. आज आपण त्याला टायटन म्हणतो. गंमत म्हणजे त्याच सुमारास शनीचे कान पुन्हा बारीक होत होत दिसेनासे झाले. म्हणजे कोडं सुटलं तेव्हा कान नीट दिसतही नव्हते!

हायगेन्सचा विचार असा होता. दूरचा चंद्र सोळा दिवसांत फिरतो, तर शनीला लगटून असलेलं जे काही आहे ते त्याहून लवकर फिरायला हवं. मग दोन बाजूंचे कान दर काही दिवसांनी जागा बदलताना दिसायला हवेत. पण ते महिनोन् महिने जसेच्या तसे असतात. फिरतंय आणि तरी बदलत नाही, असं काय असू शकतं? जातं आठवा. जातं फिरतं तेव्हा खुंटा जागा बदलताना दिसतो, पण जात्याचा गोल दगड फिरला तरी तसाच दिसतो. शनीभोवतीची वस्तू सगळीकडून सारखी गोल असली पाहिजे. म्हणजे कडं.

आणि कान गायब का होतात? आता ते ताट परत घ्या. तिरकं धरलं तर लंबगोल दिसतं, डोळ्याच्या पातळीत आणलं तर नुसती रेष उरते. शनीचं कडं कायम एकाच दिशेला कललेलं असतं आणि शनी साडेएकोणतीस वर्षांत सूर्याभोवती फिरतो, म्हणून त्या फेरीत दोनदा, साधारण पंधरा वर्षांनी एकदा, कडं आपल्याला कडेने दिसतं. ते इतकं पातळ आहे की तेव्हा लहान दुर्बिणीत दिसतच नाही. मार्च २०२५ मध्ये हेच घडलं. त्या वर्षी मोठ्या उत्सुकतेने शनी पाहायला गेलेल्यांना कडं म्हणून एक बारीक रेघ दिसली असेल, तर त्यांनी १६१२ च्या गॅलिलिओचं आश्चर्य स्वतः अनुभवलं.

हायगेन्सनेही आधी अक्षरांचं कोडं छापलं आणि १६५९ च्या पुस्तकात उलगडा केला: पातळ, सपाट, कुठेही न चिकटलेल्या आणि क्रांतिवृत्ताला (आकाशातल्या सूर्याच्या वार्षिक मार्गाला) कललेल्या कड्याने तो वेढलेला आहे. काहींना हे पटलं नाही. तेव्हा फ्लॉरेन्सच्या विज्ञान-अकादमीने १६६० मध्ये शनीची कड्यासकट प्रतिकृती बनवली, ती दूर ठेवून उजळली आणि बेताच्या दुर्बिणींतून पाहिली. या वादाची ज्यांना काहीही कल्पना नव्हती अशा लोकांनाही दुर्बिणीपाशी बोलावून, दिसेल ते काढायला सांगितलं. त्यांनीही तीच जुनी चित्रं काढली: मध्ये गोळा, दोन बाजूंना दोन गोळे. पन्नास वर्षांच्या चुका कशा झाल्या, हे त्या एका प्रयोगाने दाखवून दिलं. केप्लरच्या पाट्या आणि ही अनोळखी माणसांची चित्रं, दोन्हींच्या मुळाशी एकच जाणीव आहे: माझे डोळे मला फसवू शकतात.

रंगीत झालरीवर त्या काळी एकच उपाय माहीत होता. भिंग जितकं कमी फुगीर, तितकी झालर कमी त्रास देते, पण मग नाभीय अंतर वाढतं आणि दुर्बीण लांबते. डान्झिगच्या योहानेस हेवेलियसने हा उपाय शेवटपर्यंत नेला. त्याची सर्वांत मोठी दुर्बीण १५० फूट लांब होती. उंच खांबाला दोरखंड आणि कप्प्यांनी टांगलेली, वारा आला की डुलणारी. हायगेन्सने पुढे नळीच काढून टाकली. एक भिंग खांबावर, दुसरं हातात आणि मध्ये ताणलेली दोरी.

या सगळ्या गोष्टी दूरच्या वाटतात, पण त्यातली एक आपल्या पश्चिम किनाऱ्याला येऊन टेकते. इंग्लंडच्या लँकशर परगण्यातला विशीतला तरुण जेरेमाया हॉरॉक्स याने १६३९ मध्ये हिशोब करून ओळखलं की शुक्र सूर्यबिंबावरून जाणार. त्याने दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा कागदावरच्या वर्तुळावर पाडली आणि ढगांतून वाट काढत सूर्यास्ताआधीचा अर्धा तास तो काळा ठिपका पाहिला. शुक्राचं अधिक्रमण पाहिल्याची ही पहिली नोंद. जगात आणखी एकाच माणसाने ते पाहिलं, त्याचा मित्र विल्यम क्रॅबट्री याने. हॉरॉक्स वयाच्या बाविसाव्या वर्षीच वारला. त्याच्या कागदांचं मोल ज्यांनी सुरुवातीला ओळखलं, त्यांत त्याच परगण्यात राहिलेला जेरेमी शेकर्ली होता. बुध १६५१ मध्ये सूर्यावरून जाणार, पण तेव्हा इंग्लंडमध्ये रात्र असेल, हे शेकर्लीला गणिताने कळलं होतं. ते अधिक्रमण त्याने पाहिलं ते सुरतेहून. शिवाजी महाराजांची सुरतेवरची पहिली स्वारी व्हायला अजून बारा-तेरा वर्षं होती. बुधाचं अधिक्रमण माणसाने पाहण्याची ती दुसरीच वेळ. पहिल्यांदा ते १६३१ मध्ये पॅरिसमध्ये पिएर गासेंदीने पाहिलं होतं, आणि बुध इतका इवलासा दिसला की त्याला तो आधी सूर्यावरचा डागच वाटला होता.

शेवटची गोष्ट पुन्हा गुरूच्या त्या चंद्रांची. त्या चौघांतला सगळ्यात आतला चंद्र आयो साडेबेचाळीस तासांत एक फेरी मारतो आणि प्रत्येक फेरीत गुरूच्या सावलीत शिरून विझतो, बाहेर आला की पुन्हा पेटतो. हे जणू आकाशात टांगलेलं घड्याळ. दोन शहरांत ते ग्रहण स्थानिक वेळेनुसार कधी दिसलं हे ताडलं की त्या शहरांच्या रेखांशांतला फरक निघतो, म्हणून पॅरिसच्या वेधशाळेत जिओव्हानी कॅसिनी या ग्रहणांची बारीक कोष्टकं करत होता. तिथे काम करणाऱ्या ओले रोमर या डॅनिश तरुणाला त्यात एक खोट आढळली. पृथ्वी गुरूपासून दूर जात असते त्या महिन्यांत ग्रहणं उशिरा दिसतात, जवळ येत असते तेव्हा लवकर.

समजा, गावातून कोणी दर रविवारी न चुकता तुम्हाला पत्र टाकतं आणि तुम्ही दर आठवड्याला गावापासून आणखी एक मुक्काम दूर जाताय. पत्र टाकणारा नेमाचा, तरी प्रत्येक पत्र आधीच्यापेक्षा थोडं उशिरा हाती पडेल. आयोचा प्रकाश म्हणजे हे पत्र. एका फेरीत पृथ्वी जास्तीत जास्त पंचेचाळीस लाख किलोमीटर दूर जाते. तेवढ्याने ग्रहण फार तर पंधरा सेकंद उशिरा दिसतं. त्या काळच्या दुर्बिणीतून आयो नेमका कोणत्या सेकंदाला उजळला हे सांगणं अशक्य होतं. पण हे पंधरा-पंधरा सेकंद महिनोन् महिने साठत जातात आणि त्यांची मिनिटं होतात. मिनिटं दिसायला कच्ची दुर्बीण आणि लंबकाचं घड्याळ पुरतं.

९ नोव्हेंबर १६७६ चं ग्रहण अपेक्षेपेक्षा दहा मिनिटं उशिरा दिसेल, असं आधीच सांगितलं गेलं, आणि तसंच झालं. पृथ्वीच्या कक्षेचा पूर्ण व्यास ओलांडायला प्रकाशाला बावीस मिनिटं लागतात, असं रोमरने मांडलं. आजचा आकडा सुमारे साडेसोळा मिनिटं आहे. कॅसिनीला हे पटलं नाही, हायगेन्सला पटलं. त्याने रोमरचा वेळ आणि कक्षेचा तेव्हा मानला गेलेला आकार घेऊन प्रकाशाचा वेग काढला. तो सेकंदाला दोन लाख किलोमीटरहून थोडा जास्त आला. खरा वेग तीन लाखांच्या किंचित आत आहे. उत्तर पाव हिश्शाहून जास्त कमी आहे, तरी मला त्यात उणं काही दिसत नाही. प्रकाश तत्क्षणी पोहोचतो की त्याला वेळ लागतो, हा हजारो वर्षांचा वाद होता आणि तो गुरूशेजारच्या एका लुकलुकत्या ठिपक्याने मिटवला.

हीच माणसं काय हुकली, तेही सांगायला हवं. २८ डिसेंबर १६१२ च्या पहाटे गॅलिलिओ नेहमीप्रमाणे गुरूचे चंद्र टिपत होता. जवळ आणखी एक ठिपका होता, तोही त्याने काढला. जानेवारीच्या अखेरीस तो पुन्हा त्याच्या दृश्यभागात आला. २८ जानेवारी १६१३ रोजी त्याने शेजारच्या ताऱ्यासह तो काढला आणि लिहिलं की काल रात्री या दोघांमधलं अंतर वेगळं वाटलं होतं. तारा सरकला होता, आणि सरकतो तो ग्रह. तो नेपच्यून होता. बर्लिनच्या वेधशाळेतून तो अधिकृतपणे सापडला १८४६ मध्ये, २३३ वर्षांनी. गॅलिलिओच्या वहीतला तो ठिपका नेपच्यूनचा आहे हे चार्ल्स कोवाल आणि स्टिलमन ड्रेक या दोघांनी दाखवून दिलं, तेव्हा १९८० साल उजाडलं होतं. डिसेंबरच्या त्या पानावर ठिपक्यापाशी गॅलिलिओने शाईने एकच लॅटिन शब्द लिहिला आहे: स्थिर.